खण ३, ४४.५ अंश

मेच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी सव्वातीनला मोबाइलवर मेसेज आला : खण ३, सेन्सर ५, ४४.५ अंश. मी तेव्हा अंबडच्या एमआयडीसीत एका पॅनेलचं वायरिंग तपासत होतो. तोच मेसेज नानांनाही गेला होता. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, “उद्या सकाळी चार माणसं सांगितलीत. तिसरा खण उघडतो.”

आमची कांद्याची चाळ निफाड तालुक्यात आहे, पंचवीस टनांची, पाच खणांची. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो, सुकवून, निवडून चाळीत भरला जातो आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत पुरवून विकला जातो. मधल्या काळात वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तिसरा हिस्सा हातचा जातो, असं आमच्याकडे कितीतरी घरांत होतं. ढिगाच्या पोटात एखादा कांदा सडू लागला की त्याचा ओलावा आणि ऊब शेजारच्याला लागते. बाहेर वास येईपर्यंत आत घमेलंभर कांदा गेलेला असतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी चाळीत बारा तापमान सेन्सर बसवले. प्रत्येक खणात दोन, एक ढिगाच्या मध्यावर आणि एक तळाशी. उरलेले दोन छताखाली आणि बाहेर सावलीत.

पण खण उघडणं म्हणजे कपाट उघडणं नव्हे. पाच फूट उंचीचा ढीग, तो फोडायचा, कांदा खाली काढायचा, परत भरायचा. या सगळ्यात कांद्याला मार लागतो आणि मार लागलेला कांदाच पुढे पहिला सडतो. म्हणजे आत सड नसताना खण उघडला, तर ती सड आपल्याच हाताने लावल्यासारखं झालं. आणि आत सड असताना उघडला नाही, तर आठ दिवसांत शेजारचा खणही धरायचा. नानांनी माणसं सांगितली ती माझ्या यंत्रावर विश्वास ठेवून. त्यामुळे तो आकडा खरा की खोटा, हे ठरवण्याचं काम माझंच होतं. मी फोनवर एवढंच म्हणालो, “नाना, मला एक दिवस द्या. रात्री घरी येतो.”

बसमध्ये बसल्या बसल्या एक गोष्ट खटकत होती. त्याच सेन्सरने दोन वाजता ३१ दाखवले होते. पाच टन कांद्याचा ढीग तासाभरात तेरा अंश तापत नाही. त्याला तापायला दिवस लागतात आणि निवायलाही दिवस लागतात. रात्री नऊला घरी पोचलो, तर आकडा पुन्हा ३१ वर आला होता. नाना बॅटरी घेऊन चाळीत जाऊन आले होते. ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता, तळवा हुंगला होता. “वास नाही,” म्हणाले, “पण वास उशिरा येतो.” त्यांचं बरोबर होतं.

पहिल्यांदा मी मूळ नोंदी उघडल्या. मेसेजमध्ये जाणारा आकडा तासाची सरासरी असतो, दर पंधरा मिनिटांनी एक अशा चार नोंदींची. त्या तासाच्या नोंदी होत्या ३१, ३१, ३१ आणि ८५. बेरीज १७८, भागिले चार, ४४.५. ढिगाने एकदाही ४४ गाठले नव्हते. एका खोट्या ८५ ने तीन खऱ्या आकड्यांना वर ओढलं होतं.

आमचे सेन्सर डीएस१८बी२० जातीचे. त्यांच्यावर काम केलेल्या कोणालाही ८५ दिसला की तो दचकतो. सेन्सरला वीज मिळाली की त्याच्या स्मृतीत सुरुवातीला ८५ अंश हाच आकडा बसलेला असतो. त्याला ‘तापमान मोज’ अशी आज्ञा दिली, की बारा बिटच्या मोजणीला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद घेऊन तो खरा आकडा तिथे ठेवतो. आज्ञा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही आणि आपण वाचायला गेलो, तर तो प्रामाणिकपणे तोच ८५ परत देतो. तपासणीचा बाइटही बरोबर जुळतो, म्हणून प्रोग्रामला त्यात काही वावगं दिसत नाही. त्या दुपारी तीनच्या सुमारास लाइट गेली आणि आली होती, त्यामुळे सगळे सेन्सर नव्याने सुरू झाले होते. त्यातल्या पाच नंबरने मोजणीची आज्ञा ऐकलीच नव्हती.

नोंदी मागे चाळल्या, तर फक्त ८५ नव्हता. चार दिवसांपासून रोज दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान जागोजागी रिकाम्या ओळी होत्या. कधी दोन सेन्सर गायब, कधी सहा. रात्री आणि सकाळी बाराही हजर. चार दिवसांपूर्वी, शनिवारी संध्याकाळी, वळवाचा पाऊस झाला होता. गावाच्या वरच्या अंगाला वीज पडली, नारळ जळाला. आमच्या घरातलं काहीही गेलं नाही. म्हणून त्या पावसाचा आणि सेन्सरचा संबंध तोवर मी लावलाच नव्हता.

आता या जोडणीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हे बारा सेन्सर एकाच डेटा तारेवर ओळीने लटकलेले आहेत. डॅलस सेमीकंडक्टरने काढलेली ही वन-वायर पद्धत. ती कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमकडे गेली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसकडे, तरी सेन्सर तेच आणि बोलीही तीच. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातूनच ६४ बिटांचा क्रमांक मिळालेला असतो. पहिली आठ बिटं कुळाची, डीएस१८बी२० साठी २८. मग अठ्ठेचाळीस बिटं स्वतःची आणि शेवटची आठ पडताळणीची. तार एरवी पाच व्होल्टवर उंच धरलेली असते. बोलायचं असेल तो तिला जमिनीशी जोडून खाली ओढतो आणि सोडतो. सोडल्यावर ती किती चटकन वर येते, यावर सगळं ऐकू येणं अवलंबून. ६० मायक्रोसेकंद खाली धरली तर शून्य, १५ च्या आत सोडली तर एक. इतक्या बारीक फरकावर हे संभाषण चालतं. तारेला वर धरण्याचं काम संगणकाला लावलेला यूएसबी अडॅप्टर करतो. आमचा अडॅप्टर अंगठ्याएवढा, आत डीएस२४९० चिप, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला टेलिफोनसारखं खोबण. तो आणि रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, दोन्ही चाळीच्या पश्चिमेच्या भिंतीवर एका पत्र्याच्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डब्यापाशी जाऊन बसलो. संगणकाची बाजू लवकर उरकली. यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणाऱ्या एलएसयूएसबी आज्ञेत अडॅप्टर ०४एफए:२४९० म्हणून दिसत होता. डीमेसेजमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या नोंदींत, त्याचं तुटणं-जुळणं नव्हतं आणि व्होल्टेज कमी पडल्याची तक्रारही नव्हती. एक जुनी खोड मला माहीत होती. लिनक्स कर्नलचा स्वतःचा डीएस२४९० ड्रायव्हर कधी कधी अडॅप्टर आधीच बळकावतो आणि सेन्सर वाचणाऱ्या ओडब्ल्यूएफएस या प्रोग्रामला तो मिळत नाही. तो ड्रायव्हर मी पूर्वीच बंदीच्या यादीत टाकलेला होता, अजूनही तिथेच होता. तसंही ड्रायव्हरची भानगड असती तर ती दुपारच काय, सगळ्या वेळी दिसली असती.

मग माझा संशय सेन्सरवर गेला, आणि यात माझे दोन तास गेले. अस्सल डीएस१८बी२० च्या क्रमांकात शेवटच्या भागात दोन बाइट शून्य असतात. नकली चिपांमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं. बारांपैकी पाचांचे क्रमांक त्या नमुन्यात बसत नव्हते. त्यात पाच नंबरही होता. मला वाटलं, सापडलं. पण दुपारच्या गायब होणाऱ्यांची यादी काढली, तर अस्सल आणि नकली दोन्ही सारखेच गायब होत होते. शिवाय छताखालचा आणि बाहेरचा, जे कांद्यात नव्हतेच, तेही जात होते. दोष सेन्सरचा असता तर तो बाराजणांना एकाच दिवशी लागला नसता. या नकली पाचांचा हिशेब पुढच्या हंगामात चाळ रिकामी झाल्यावर करायचा, असं ठरवून ती यादी बाजूला ठेवली.

साडेबाराला ऊन पत्र्यावर आलं आणि रिकाम्या ओळी सुरू झाल्या. आता केबल. पस्तीस मीटर कॅट-५ नेटवर्क केबल, डेटा आणि जमीन एकाच पिळाच्या जोडीत, पाच व्होल्ट वेगळ्या जोडीवरून. तिसऱ्या खणापाशी एक जंक्शन बॉक्स आहे, तिथे लाइन तोडता येते. तोडली. पहिले सहा सेन्सर लगेच स्थिर झाले, एकही गळेना. म्हणजे दोष पुढच्या अर्ध्या भागात, असं मी धरून चाललो. चौथ्या-पाचव्या खणाच्या बाजूने जोड उघडले, पुसले, पुन्हा आवळले. मग खात्रीसाठी दुसरी केबल टाकून फक्त तो पुढचा अर्धा भाग अडॅप्टरला जोडला. तोही स्थिर! सहाच्या सहा हजर.

मी जोडाचे स्क्रू हातात घेऊन तिथेच ओट्यावर बसलो. डावा अर्धा चांगला, उजवा अर्धा चांगला, दोन्ही जोडले की बिघडतं. दोन चांगल्या भागांची बेरीज वाईट कशी येते? तर जो दोघांना ओढतो, त्याचीच ताकद कमी पडते तेव्हा. मी सकाळपासून पस्तीस मीटर चाललो होतो. अडॅप्टरला मात्र, तो संगणकाला दिसतो एवढ्यावर, निर्दोष ठरवून टाकलं होतं. दिसणं हे यूएसबीच्या बाजूचं. सेन्सरच्या बाजूला तो काय करतो, ते मी तपासलंच नव्हतं.

इथे या अडॅप्टरची एक गोष्ट कामी आली. त्याच्या पोटात स्वतःचीही एक ओळखचिप असते आणि ती त्याच डेटा तारेवर बसलेली असते. तिचा क्रमांक ८१ ने सुरू होतो. म्हणजे बाहेरची केबल पूर्ण काढून टाकली तरी शोध घेतल्यावर एक नाव यायलाच हवं. मी खोबणीतून केबल उपसली. बाहेर काहीही नाही, ना तार, ना कांदा. छोटा प्रोग्राम लिहिला, शंभर वेळा शोध घेऊन ८१ कितीदा सापडतो ते मोजणारा.

दुपारी पावणेतीनला त्याने सांगितलं : ८८.

बारा वेळा अडॅप्टरला स्वतःचंच नाव सापडलं नव्हतं. मी प्रोग्राम पुन्हा चालवला, ८६. हाच प्रोग्राम सकाळी चालवला असता तर शंभर आले असते आणि मी पुन्हा केबलकडे गेलो असतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. म्हणून उन्हाचा वेळ हातचा जाऊ न देता लगेच मीटर लावला. रिकाम्या खोबणीत डेटा आणि जमीन यांच्यात पाच व्होल्टच्या आसपास यायला हवेत. आले ३.१.

आता उष्णतेचा संबंध पक्का करायचा होता. अडॅप्टर छोट्या यूएसबी केबलने डब्याबाहेर काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवीचं तोंड केबलभोवती रबराने बांधलं आणि रास्पबेरी पायसकट सगळं पडवीत नेलं. पडवीत माठ असतो. माठाच्या ओल्या, गार पोटाला ती पिशवी टेकवून वरून फडकं बांधलं. आईने विचारलं, “याला ताप आलाय का?” मी म्हटलं, “हो, तेच बघतोय.” दहा मिनिटांनी मीटर ४.४ दाखवत होता. शंभरात शंभर. फडकं सोडून अडॅप्टर अंगणात उन्हात ठेवला, तर पंधरा मिनिटांत पुन्हा ३.२ आणि शंभरात नव्वद. परत माठाला लावला, परत शंभर. मी हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा नानाही येऊन उभे राहिले.

कारण असं. अडॅप्टरच्या डेटा तारेवर आत एक संरक्षक घटक असतो. स्थिर वीज किंवा विजेचा झटका तारेवरून आला तर तो स्वतःच्या अंगावर घेऊन जमिनीत सोडणं, हे त्याचं काम. शनिवारी वीज आमच्यावर पडली नाही. पण जवळ पडलेल्या विजेने पस्तीस मीटर उघड्या पसरलेल्या तारेत झटका उठवला आणि या घटकाने तो झेलला. चिप वाचली, तो स्वतः मात्र अर्धवट जायबंदी झाला. पूर्ण जळला असता तर अडॅप्टर त्याच रात्री बंद पडला असता आणि मला पाच मिनिटांत कळलं असतं. तो झिरपू लागला. डेटा तारेतला थोडा प्रवाह सतत जमिनीत. आणि अर्धवाहकातलं हे झिरपणं तापमानाबरोबर वाढतं, दर दहा अंशांना साधारण दुप्पट. रात्रीच्या पंचवीस अंशांना ते खपून जात होतं, दुपारी पत्र्याच्या डब्यात पन्नाशीजवळ पोचल्यावर नाही. सहा सेन्सर आणि अर्धी केबल एवढा भार तो अजून पेलत होता, बाराचा पेलत नव्हता.

नानांना मी हे ठिबकच्या भाषेत सांगितलं. मोटरीपाशीच मेन लाइनला भोक पडलंय. लॅटरल सगळ्या चांगल्या आहेत, ड्रिपर चांगले आहेत. अर्धे व्हॉल्व्ह बंद केले की उरलेल्यांना दाब पुरतो. सगळे उघडले की शेवटच्यांना पाणी पोचत नाही. नाना क्षणभर पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कांदा तापलाच नाही?” मी म्हणालो, “तसं अजून म्हणवत नाही. नवा अडॅप्टर लावून भर दुपारचे बारा आकडे बघू, मग सांगतो.” त्यांनी फोन काढून माणसांना दोन दिवस थांबायला सांगितलं.

नाशिकला एका मित्राकडे दुसऱ्या जातीचा अडॅप्टर होता, डीएस२४८०बी चिपचा, यूएसबी-सिरियलवरून चालणारा. रात्रीच जाऊन घेऊन आलो. लावण्याआधी रिकाम्या खोबणीत व्होल्टेज घेतलं, ४.९. सगळी लाइन जोडली. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच डब्यात, त्याच उन्हात मुद्दाम राहू दिलं, कारण मला त्याच परिस्थितीतला आकडा हवा होता. दुपारी तीन वाजता बारांपैकी बारा हजर. चार वाजता बारा. पाच वाजता बारा. एकही रिकामी ओळ नाही, एकही ८५ नाही.

आणि त्या स्वच्छ आकड्यांत एक गोष्ट दिसली, जी गेल्या चार दिवसांच्या गोंधळात झाकली गेली होती. बाकी खणांचे मधले सेन्सर ३०.५ ते ३१.२ च्या दरम्यान होते. पाच नंबर ३२.८. दुपारीही ३२.८, रात्री दहालाही ३२.६. हा आकडा उड्या मारत नव्हता, सावकाश हलत होता, ढिगाने हलावं तसा. मी थेट नानांना सांगितलं, की ४४ खोटं होतं, पण दीड-दोन अंशांची ऊब खरी आहे.

नाना चाळीला वळसा घालून आले. तिसऱ्या खणाच्या मागच्या बाजूला पावसाची झड लागू नये म्हणून शनिवारी घाईत गोणपाट बांधलं होतं, ते सोडायचं राहिलं होतं. तिथली हवा कोंडली होती. त्यांनी ते सोडलं. खालच्या बाजूला, जिथून वारा आत शिरतो, तिथे पालापाचोळा अडकला होता, तो काठीने काढला. ढीग फोडला नाही. तीन दिवसांत पाच नंबर ३१.४ वर आला.

त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी बदलल्या. पत्र्याचा डबा काढून रास्पबेरी पाय आणि अडॅप्टर घराच्या पडवीत, सावलीत आणले. केबल पाच मीटरने वाढली, पण चालतंय. केबल घरात शिरते तिथे डेटा तारेवर विजेचा झटका अडवणारा वेगळा सर्ज प्रोटेक्टर बसवला आणि त्याला स्वतंत्र अर्थिंग दिलं, जे पहिल्याच वर्षी द्यायला हवं होतं. प्रोग्राममध्ये सरासरी काढून टाकली, आता चार नोंदींचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतो. नेमका ८५.० आला आणि आधीची नोंद त्याच्या जवळपास नसेल, तर ती नोंद फेकून सेन्सरला पुन्हा विचारतो. रोज दुपारी दोनला अडॅप्टर स्वतःची ओळखचिप शंभर वेळा शोधतो. हे साधावं म्हणून नवीन अडॅप्टर मुद्दाम पुन्हा डीएस२४९० चाच मागवला. पंच्याण्णवच्या खाली गेलं की मेसेज फक्त मला येतो, नानांना नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला की खोबणीतून केबल काढून ठेवायची, हे आईने स्वतःहून अंगावर घेतलंय.

जुना अडॅप्टर मी टाकलेला नाही. तो उघडून नव्याशेजारी ठेवून मीटर लावला, तर डेटा आणि जमीन यांच्यातला रोध नव्यापेक्षा कितीतरी कमी निघाला, आणि सोल्डरिंगच्या लोखंडाची नुसती ऊब जवळ नेली तरी आकडा डोळ्यांदेखत उतरत गेला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाव बरा मिळाला, तेव्हा नानांनी विक्रीसाठी पहिला खण तिसराच उघडला. मी सुट्टी काढून गेलो होतो. ढीग मध्यापर्यंत उतरला तसा पाच नंबरचा स्टीलचा दांडा वर दिसू लागला. त्याच्या भोवतीचे कांदे नाना एकेक करून हातात घेऊन बोटाने दाबत होते. दांड्याला लागून असलेल्या दोन कांद्यांच्या देठापाशी काळी बुरशी होती, आणि एक खालच्या अंगाला मऊ पडला होता. तीन कांदे. बाकी घट्ट, सालीचा कडकड आवाज येणारे. नानांनी ते तीन बाजूला ठेवले, दांडा फडक्याने पुसला आणि माझ्याकडे देत म्हणाले, “हा परत याच खणात लाव.”